झिजणे आणि झिजवणे

भाषेच्या अभ्यासात नामांना जेवढा मान मिळतो तेवढा क्रियापदांना मिळत नाही. शब्दसंपत्ती वाढवायची म्हणजे वस्तूंची, भावनांची, कल्पनांची नावे जमवायची, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु एखाद्या समाजाने जगात काय घडताना पाहिले आणि ते कोणी घडवले असे मानले, हे जाणून घ्यायचे असेल तर त्याच्या क्रियापदांकडेच जावे लागते. त्यातही ज्या क्रिया एका क्षणात उरकत नाहीत, ज्या वर्षानुवर्षे चालतात आणि चालू असताना डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांची क्रियापदे मला विशेष विचार करण्याजोगी वाटतात. एखादी वस्तू, एखादे माणूस, एखादी व्यवस्था हळूहळू दुबळी होत जाते. आतून पोकळ होते. तिचा कस उतरतो. या होण्याला आपण काय म्हणतो? आणि जे म्हणतो त्याने आपल्या पाहण्यावर काय परिणाम होतो?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो इंग्रजी शिकवताना. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना येथे मी काही वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलांना इंग्रजी शिकवले. पाठ्यपुस्तकात ‘इरोड’, ‘कोरोड’, ‘अंडरमाइन’, ‘सॅप’, ‘इम्पेअर’ अशी क्रियापदे येत आणि मुले विचारीत, ‘सर, याला मराठीत एक शब्द सांगा.’ कोश उघडला की बहुतेकांपुढे ‘कमकुवत करणे’ किंवा ‘दुर्बल करणे’ असा अर्थ सापडे. परीक्षेपुरता तो पुरेसा असतो. परंतु या एका अर्थाखाली पाच निरनिराळी चित्रे पुरली जातात. ती चित्रे एकेक करून उकरून काढली, तर आपल्या भाषेतील अशाच क्रियापदांकडे पाहण्याची दृष्टी मिळते, म्हणून तुम्हांला आधी तिकडे नेतो.

‘इरोड’ आणि ‘कोरोड’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिन भाषेतील कुरतडणे या अर्थाचा धातू आहे. उंदीर, खार, घूस यांच्या वर्गाला प्राणिशास्त्रात ‘रोडंट’ म्हणतात, तेही त्याच धातूवरून. म्हणजे नदीने काठ खाल्ला काय किंवा गंजाने लोखंड खाल्ले काय, इंग्रजीच्या मनाच्या तळाशी एक उंदीर बसलेला आहे. आपल्याकडे मातीच्या बाबतीत ‘धूप’ हा शब्द आहे; वावरातली माती पावसाने धुपते, धुरा खचतो. लोखंड गंजते. मराठीने येथे दात पाहिले नाहीत, पाणी आणि गंज पाहिला. ‘इम्पेअर’ या शब्दाच्या पोटात ‘अधिक वाईट’ एवढाच अर्थ आहे. ‘व्हिटल’ म्हणजे मुळात सुरीने लाकडाच्या ढलप्या काढणे. अधिकार, सवलत किंवा रक्कम थोडीथोडी कापत नेणे याला तो शब्द वापरतात. आपण अशा वेळी ‘तासणे’ म्हणत नाही, ‘कात्री लावणे’ म्हणतो. मात्र कात्री एका फटक्यात कापते. सुरीचा तो सावकाशपणा तिच्यात नाही.

‘सॅप’ हा शब्द गमतीचा आहे. इंग्रजीत दिसायला सारखे असे दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक झाडाच्या अंगातला रस; दुसरा किल्ल्याच्या तटाकडे खोदत नेलेला चर, ज्याचा उगम कुदळीच्या इटालियन नावात आहे. ‘तापाने त्याची शक्ती सॅप केली’ असे इंग्रज म्हणतो तेव्हा त्याच्या मनात रस शोषला जातो की पाया खणला जातो, हे त्यालाही सांगता येणार नाही. आमच्या भागातल्या कापूस पिकवणाऱ्याला मात्र पहिला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या किडींना कृषी विभागाची पत्रकेच ‘रसशोषक किडी’ म्हणतात. त्या पान तोडत नाहीत, फांदी मोडत नाहीत. पानाच्या खालच्या बाजूला बसून रस ओढतात आणि पान कडेने पिवळे पडत, वळत जाते.

आता ‘अंडरमाइन’. हा शब्द शब्दशः ‘खालून खणणे’ आहे आणि त्याचा जन्म मध्ययुगीन युरोपातील वेढ्यांमध्ये आहे. तटाखाली भुयार खणायचे, वरचा भार तोलण्यासाठी लाकडी खांब उभे करायचे आणि खोदकाम पुरे झाले की खांबांना आग लावायची. खांब जळाले की तट स्वतःच्या वजनाने कोसळतो. इ. स. १२१५ मध्ये इंग्लंडचा राजा जॉन याने रॉचेस्टरच्या किल्ल्याचा कोपऱ्यातील बुरूज असाच पाडला; खांब पेटवण्यासाठी त्याने चाळीस डुकरे मागवली होती, त्यांच्या चरबीसाठी. आमच्या चांद्याचा गोंडकालीन कोट १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला तो तोफा डागून, भगदाड पाडून. ते ‘अंडरमाइन’ करणे नव्हे. भगदाड सर्वांना दिसते, त्याचा आवाज होतो, ते पाडणाऱ्याचे तोंडही समोर असते. भुयारात यांपैकी काहीही नसते. तटावरचा पहारेकरी शेवटच्या क्षणापर्यंत तट शाबूत आहे असेच समजतो.

मराठीत याला जवळचा शब्द ‘सुरुंग’. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ हा शब्द भुयार या अर्थाने येतो आणि अभ्यासक त्याचा संबंध ग्रीक भाषेतील नळी या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. पुढे भुयारात दारू ठासून ती उडवण्याची रीत आली आणि शब्दाचा रोख भुयाराकडून स्फोटाकडे वळला. आज ‘विश्वासाला सुरुंग लावला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ऐकू येतो तो धमाका. त्याआधीचे मुकाट खोदकाम आपल्या कल्पनेतून गळून पडलेले असते. मूळ अर्थ पाहायचा असेल तर आमच्या जिल्ह्यातल्या कोळशाच्या पट्ट्याकडे पाहावे. भूमिगत खाणीत कोळसा काढताना छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब मागे ठेवतात. पुष्कळदा नंतर तेही काढतात आणि पोकळी वाळूने भरायची असते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथील अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीच्या पोटात गेले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडल्यामुळे वाचली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. घर गेले ते काही क्षणांत. परंतु त्याचे जाणे कितीतरी वर्षे आधी सुरू झालेले होते. वर्तमानपत्रांनी लिहिले, ‘घर जमिनीत गडप झाले’. या वाक्यात घर हाच कर्ता आहे, जणू ते आपल्या पायांनी खाली उतरले.

येथे मी तुम्हांला थोडे थांबायला सांगेन, कारण लेखाचा खरा मुद्दा येथे सुरू होतो.

हळूहळू होणाऱ्या हानीसाठी मराठीजवळ शब्दांची वाण नाही. झिजणे, खचणे, खंगणे, विरणे, उसवणे, कुजणे, आटणे, रोडावणे, ढासळणे, डबघाईला येणे, उतरती कळा लागणे, ओहोटी लागणे, कसर लागणे, वाळवी लागणे. शिवाय संथपणा दाखवण्याची एक सोय आपल्या व्याकरणातच आहे : कोणत्याही क्रियापदाला ‘-त जाणे’ किंवा ‘-त चालणे’ जोडावे आणि ती क्रिया काळावर पसरावी. ‘खचला’ आणि ‘खचत गेला’ या दोहोंमध्ये केवढे अंतर आहे! इंग्रजीला ज्यासाठी वेगळी क्रियापदे शोधावी लागतात, ते मराठी एका प्रत्ययाने आणि एका साहाय्यक क्रियापदाने साधते.

परंतु ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. यातील जवळजवळ सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. भिंत खचते, कापड विरते, विहीर आटते, माणूस खंगतो. ‘लागणे’ची रचना तर अधिकच निर्दोष : वाळवी ‘लागते’, ओहोटी ‘लागते’, कळा ‘लागते’. कोणी लावली हे वाक्य विचारीतच नाही. ‘पोखरणे’ आणि ‘कुरतडणे’ ही ठळक अपवादात्मक क्रियापदे. त्यांना कर्ता आणि कर्म दोन्ही लागतात. गुलाबी बोंडअळीचा कहर झालेला २०१७ चा हंगाम आमच्याकडे कोणी विसरणार नाही. ही अळी बोंडात शिरते आणि तिच्या शिरण्याचे छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून हिरवे, टणक, शाबूत. आत सरकी खाल्लेली. ज्याला ‘डोमकळी’ म्हणजे काय ते माहीत होते, न उमललेल्या, पाकळ्या गुंडाळलेल्या फुलात अळी बसली आहे हे ज्याने ओळखले, त्याला वेळेवर सावध होता आले. ज्याने ‘यंदा कापूस पडला’ एवढेच म्हटले, त्याच्या वाक्यात अळी नव्हतीच.

व्याकरणात आपण प्रयोजक क्रियापदे शिकतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र त्यांची चर्चा आहे. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, गळणे–गाळणे. तसेच झिजणे–झिजवणे, खचणे–खचवणे, आटणे–आटवणे. विद्यार्थी या जोड्या पाठ करतात आणि गुण मिळवतात. परंतु ‘प’ला एक काना दिला की वाक्याचा सारा न्यायनिवाडा बदलतो, हे मला उमगले ते अर्ज लिहिताना.

लिहिता येणाऱ्या माणसाकडे गावात लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, तसे माझ्याकडेही येत. कोरपना तालुका चुनखडीचा आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या परिसरात सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी आहेत. खाणीत स्फोट होतात. एकदा एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘लिहा, घराच्या भिंतीले भेगा पडल्या.’ मी विचारले, ‘पडल्या लिहू की पाडल्या?’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पडल्या लिहिलं तं कोणी वाचन नाही, पाडल्या लिहिलं तं पुरावा मागन.’ मराठी व्याकरणाचा इतका नेमका धडा मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

त्यांचे म्हणणे दोन्ही बाजूंनी खरे होते. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला तर एवढ्यानेही भिंत तडकते. स्फोटाच्या कंपनांनीही तडकू शकते. म्हणून ‘पाडल्या’ हा शब्द आधी लिहून मोकळे होणे न्यायाचे नव्हे. पण ‘पडल्या’ लिहून थांबणे हेही न्यायाचे नव्हे. शेवटी आम्ही लिहिले : ‘भिंतीला भेगा पडल्या आहेत, त्या कशामुळे पडल्या याची तपासणी व्हावी व स्फोटांच्या कंपनांचे मोजमाप व्हावे.’ अशी कंपने यंत्राने मोजता येतात आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाने त्यांना मर्यादाही घालून दिलेल्या आहेत. कर्त्याची जागा आम्ही रिकामी ठेवली, परंतु ती रिकामी आहे हे वाचणाऱ्याच्या नजरेस आणून दिले.

अर्जाचे पुढे काय होते, यासाठीही मराठीत एक प्रसिद्ध वाक्प्रचार आहे : ‘कचेरीचे उंबरठे झिजवणे’. त्याचे व्याकरण तपासा. येथे प्रयोजक क्रियापद आहे, कर्ता आहे, कर्मही आहे. कर्ता अर्जदार, कर्म उंबरठा. म्हणजे भाषेच्या हिशेबाने फेऱ्या मारणारा माणूस उंबरठ्याचे नुकसान करतो! प्रत्यक्षात लाकडाचा तो उंबरठा होता तसाच राहतो. झिजतात त्या माणसाच्या चपला, त्याची मजुरी बुडालेले दिवस, त्याची उमेद. जेथे झिजवणारा खरोखर आहे तेथे आपण तो लपवतो, आणि जेथे झिजणाऱ्याला बोलायचे आहे तेथे त्यालाच झिजवणारा ठरवतो. हा विनोद कोणी हेतूने केलेला नाही, पण त्याची चव कडू आहे.

झिजण्याला मराठीने आणखी एक मोठेपणा दिला आहे. चंदन झिजते आणि सुगंध देते. त्यामुळे ‘चंदनासारखे झिजणे’ ही आपल्याकडे स्तुती आहे. सत्कारसमारंभात, श्रद्धांजलीच्या लेखात, आईवरच्या निबंधात हे झिजणे हटकून येते. इंग्रजीत झिजण्याच्या शब्दांना असा सुगंध नाही. तेथे झिजलेली वस्तू म्हणजे कामातून गेलेली वस्तू. ही प्रतिमा आपल्या भाषेचे धन आहे यात मला शंका नाही. स्वेच्छेने स्वतःला खर्च करणाऱ्या माणसासाठी याहून चांगली उपमा मिळणे कठीण. परंतु चंदन सहाणेवर आपोआप जात नाही. त्याला कोणाचा तरी हात उगाळीत असतो. घरातील एखादी बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून राबून वाळत चालली असेल, तर ‘ती संसारासाठी झिजली’ हे वाक्य तिचा गौरव करते आणि त्याच दमात उगाळणाऱ्या हातावर पांघरूण घालते.

हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही. माझ्या एका आत्याबद्दल आमच्या घरात असेच एक क्रियापद वर्षभर फिरत होते : ‘खंगणे’. ती कापूस वेचायला जात असे. तिचे वजन उतरत गेले, संध्याकाळी अंग कसकसू लागले, खोकला जाईना. घरातले म्हणत, ‘मनाला लावून घेतलं, म्हणून खंगत चालली.’ ‘खंगणे’ हे विलक्षण क्रियापद आहे. ‘झिजणे’चे ‘झिजवणे’ सहज होते. ‘खंगणे’चे ‘खंगवणे’ आपण क्वचितच करतो. जो खंगतो तो स्वतःच खंगतो. त्यामुळे कारण शोधण्याची वाटच शब्दाने बंद केलेली असते. पुढे उपकेंद्रातील एक नर्सबाई गृहभेटीला आल्या. त्यांनी ‘खंगते’ हा शब्द ऐकून घेतला आणि विचारले, ‘खोकला किती आठवड्यांपासून आहे?’ थुंकी तपासली गेली. क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातील मोफत औषधे सहा महिने घेऊन आत्या बरी झाली आणि पुढच्या हंगामात पुन्हा वेचणीला गेली.

क्षय हा शब्दही मुळात हाच आहे : कमी कमी होत जाणे. चंद्राच्या कलांचा क्षय, पुण्याचा क्षय, तसा देहाचा क्षय. इंग्रजीतही या रोगाला पूर्वी ‘कन्झम्प्शन’ म्हणजे ‘खाऊन टाकले जाणे’ असेच म्हणत. दोन्ही भाषांनी दिसणारी क्रिया तेवढी नोंदवली होती. खाणारा कोण ते माहीत नव्हते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. वैद्यकाच्या इतिहासात या दिवसाचे महत्त्व मोठे आहे. माझ्यासारख्या भाषेच्या अभ्यासकाला त्यात एका वाक्याला कर्ता मिळाल्याचे दिसते. कर्ता मिळाल्यावर त्याच्यावर उपाय शोधता आला, जरी परिणामकारक औषधे हाती यायला विसाव्या शतकाचे पाचवे दशक उजाडावे लागले. तोवर माणसे ‘खंगत’ होती.

आमच्याच परिसरातील आणखी एक झीज सांगतो. कोरपना आणि जिवती हा सारा मुलूख पूर्वी राजुरा तालुक्यात होता आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. येथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगू या भाषा पूर्वीपासून नांदत आल्या. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर लिहिलेला ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज कोलामांच्या पोडावरील एखादे मूल आजीशी कोलामीत बोलते आणि आजी निघून गेल्यावर ते बोलणे थांबते. याला आपण म्हणतो, ‘बोली मागे पडत चालली आहे’, ‘बोली लोप पावत आहे’. येथेही भाषा आपल्या पायांनी मागे जाते, आपणहून लोप ‘पावते’. परंतु वर्गात त्या भाषेला जागा नसणे, बाजारात ती बोलल्यावर हसू होणे, फलकावर, फॉर्मवर, पुस्तकात ती कोठेही न दिसणे या क्रियांना कर्ते आहेत. त्यांपैकी काही कर्ते आपल्यासारखे मराठी बोलणारे, मराठीवर प्रेम करणारे लोकच आहेत. इंग्रजी मराठीला पोखरते असे आपण त्वेषाने म्हणतो, तेव्हा सकर्मक क्रियापद बरोबर सापडते. कोलामीबद्दल बोलताना मात्र अकर्मक सापडते.

यावरून इंग्रजी प्रामाणिक आणि मराठी लबाड असा निष्कर्ष कोणी काढू नये. इंग्रजीतही कर्मणी प्रयोगाच्या आडोशाने कर्ता सहज दडतो; ‘विश्वास इरोड झाला’ असे म्हणून तेथील राज्यकर्तेही मोकळे होतात. आणि प्रत्येक झिजेमागे गुन्हेगार असतोच असेही नाही. पैनगंगेच्या काठची माती पुराबरोबर जाते, माणिकगडाच्या चिऱ्यांवर ऊन-पावसाने कळा येते, म्हाताऱ्या माणसाची नजर मंदावते. येथे ‘झिजणे’ हेच सत्य आहे आणि त्याला ‘झिजवणे’ करणे म्हणजे उगाच भांडण उकरणे. आपल्या पूर्वजांनी एवढी अकर्मक क्रियापदे घडवली ती काळाकडे समजूतदारपणे पाहता यावे म्हणूनही असतील. प्रश्न एवढाच आहे की समोरची झीज यातली कोणती, हे क्रियापद निवडण्यापूर्वी आपण पाहतो का.

तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घरकाम सांभाळून रात्री ही पुस्तिका वाचत असाल. उद्या तुम्ही शिक्षक व्हाल, बातमीदार व्हाल, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहाल, कोणाचा तरी अर्ज लिहून द्याल. तेव्हा उपमा-अलंकारांइतकेच लक्ष क्रियापदाकडे द्यावे, अशी माझी विनंती आहे. एक छोटा अभ्यास सुचवतो. आपल्या तालुक्याच्या बातम्यांचे एखादे पान घ्या. त्यातील हानी सांगणारी सर्व क्रियापदे अधोरेखित करा : रस्ता उखडला, शाळा ओस पडली, विहीर आटली, पटसंख्या रोडावली. प्रत्येकाचे प्रयोजक रूप समोर लिहा. मग कोणते रूप त्या घटनेला खरोखर लागू पडते ते विचारून, शोधून, गरज पडल्यास जागेवर जाऊन ठरवा. काही ठिकाणी तुम्ही मूळचेच क्रियापद कायम ठेवाल. काही ठिकाणी एक काना वाढवाल. आणि काही ठिकाणी दोन्ही रूपे लिहून त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह द्यावे लागेल. तेही उत्तर म्हणून ग्राह्य धरावे.